त्रिनिदादमधले सात तास

क्रूझहून परत आल्यावर भेटेल त्याने एकच विचारलं, "काय मग, मजा आली का?" आली ना! समुद्र पाहिला, दिवसातून पाच-पाच वेळा खाल्लं, रात्री नाचगाणी पाहिली, आणि आमच्यातल्या एकीने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तरणतलावात पाय सोडून बसण्याचं धाडसही केलं. फोटो नातवाने सगळ्या नातेवाइकांना पाठवलेले आहेतच, त्यामुळे त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. लिहायचंय ते त्या प्रवासातल्या एकाच दिवसाबद्दल. खरं तर त्या दिवसावर मी याआधी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा अर्धवट सोडलं. का, ते शेवटी कळेलच.

आम्ही चौघीजणी होतो. एक बँकेतून निवृत्त झालेली, एक आयुष्यभर नर्सिंग केलेली, एक आमच्या सोसायटीच्या माजी सेक्रेटरी (त्यांना आम्ही तिघीही ताई म्हणतो) आणि मी, शाळामास्तरीण. बँकवालीचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याने आईला क्रूझ भेट दिली, आणि आईने "मी एकटी काय करू तिथे?" म्हणून आम्हाला ओढलं. अर्थात आपापल्या खर्चाने, हं! 2024 च्या फेब्रुवारीतली गोष्ट.

कॅरिबियन म्हणजे निळं पाणी आणि पांढरी वाळू एवढंच आमच्या डोक्यात होतं. पहिले दोन-तीन मुक्काम तसेच होतेही. मग एके सकाळी आमची बोट त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन बंदराकडे निघाली. मला पहाटे उठायची सवय, त्यामुळे मी डेकवर एकटीच चहा घेऊन उभी होते. इथलं पाणी निळं नव्हतं, आपल्या कोकणातल्या खाडीसारखं गढूळ होतं. बंदराच्या अलीकडे चार-पाच चिमुकली बेटं दिसली. एकावर जुन्या दगडी इमारती होत्या. उजेड छान पडला होता म्हणून मी फोटो काढला. "काय सुंदर बेट आहे!" असं मनाशी म्हटल्याचंही आठवतं. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

सकाळी साडेआठला उतरायचं आणि साडेतीनला बोटीवर परत, म्हणजे हातात सात तास. बोटीवरची बहुतेक मंडळी किनाऱ्यावर नाहीतर पक्षी पाहायला गेली. ताईंचं मात्र आधीच ठरलेलं होतं. त्या पक्क्या दत्तभक्त. दरवर्षी नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की त्रिनिदादमध्ये दत्ताचं देऊळ आहे आणि समुद्रातही एक देऊळ आहे. "सातासमुद्रापार येऊन दत्तमहाराजांना न भेटता परत जायचं? शक्य नाही!" संपला विषय. आम्ही बंदराबाहेर एक टॅक्सी ठरवली.

चालक पन्नाशीचा, सावळा, थोडं पोट सुटलेला. गाझीपूर नाहीतर आपल्या जालन्याच्या बसस्टँडवर भेटला असता तर वळूनही पाहिलं नसतं. पण तोंड उघडलं आणि गाण्याच्या चालीवर इंग्रजी सुरू झालं. मला तर पहिली दहा मिनिटं अवाक्षर कळलं नाही. त्याला हिंदी येत नव्हतं. एक शब्द नाही! "माझ्या आजोबांना यायचं, आंटी," असं म्हणाला.

आधी त्याने आम्हाला खायला थांबवलं. इथला नाश्ता म्हणजे 'डबल्स'. हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ, तळलेल्या पोळ्या, त्यावर छोल्यांसारखे रस्सेदार चणे, चिंचेची चटणी, तिखट. कागदात गुंडाळून हातात देतात. ती पोळी म्हणजे 'बारा', आणि बारा म्हणजे आपला वडाच हो! भोजपुरीत 'बरा'. वांग्याच्या भरिताला इथे 'बैगन चोका' म्हणतात, जिऱ्याला 'गीरा', तव्याला तवाच. भाषा गेली, पण स्वयंपाकघरातून तिला कुणी हाकलू शकलं नाही.

तिथेच एक गंमत झाली. पाच-सहा वर्षांची एक मुलगी मागून ओरडली, "आजी! आजी!" आम्ही चौघीही एकदम वळलो! ती आपल्या आजीला बोलावत होती. आमचे चेहरे पाहून तिची खरी आजी हसायला लागली. मग चालकाने सांगितलं की इथे वडिलांच्या आईला 'आजी' आणि वडिलांना 'आजा' म्हणतात, आईच्या आईला 'नानी'. भोजपुरीतलाच शब्द तो, आपल्या मराठीशी जुळणारा. पण पुण्यापासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर कुणीतरी आपल्याला हाक मारावी तसं झालं खरं. नर्सबाईंचे तर डोळे भरून आले. (त्या नाही म्हणतात.)

शहरातून बाहेर पडताना चालकाने वुडफर्ड स्क्वेअर दाखवला. त्रिनिदादचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स हे मुळात इतिहासकार. साखर, गुलामगिरी आणि इंग्लंडची श्रीमंती यांचा संबंध दाखवणारं 'कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी' हे त्यांचं पुस्तक 1944 सालचं. ते याच चौकात लोकांपुढे व्याख्यानं द्यायचे आणि चौकाला विद्यापीठ म्हणायचे. 1962 साली देश स्वतंत्र झाला. इतिहासाचा मास्तर पंतप्रधान होतो ही गोष्ट मला फारच आवडली. बँकवाली म्हणाली, "बरं झालं तू नाही झालीस."

मग हायवे लागला. दोन्ही बाजूंना सपाट रान, आणि त्यात मधूनमधून माजलेला, कुणी न तोडलेला ऊस. मी विचारलं, हा असा का? तो म्हणाला, सरकारी साखर कंपनी 2003 मध्ये बंद झाली, त्याच्या वडिलांसह हजारो माणसं घरी बसली, आणि पुढच्या काही वर्षांत त्रिनिदादमधली साखरच संपली. आता तेल आणि गॅसवर देश चालतो. "पण आंटी, आम्ही सगळे इथे आलो ते या उसामुळेच," तो म्हणाला.

इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा. सवयच आहे ती, काय करणार!

हे बेट आधी स्पेनकडे होतं. 1797 मध्ये इंग्रजांनी घेतलं. उसाचे मळे होते आणि त्यात राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. 1834 मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतरही 'उमेदवारी' या नावाखाली त्या माणसांना चार वर्षं जुन्याच मालकांकडे राबवून घेतलं आणि 1838 मध्ये खरी सुटका झाली. नुकसानभरपाई म्हणून इंग्लंडने दोन कोटी पौंड दिले. कुणाला? गुलामांना नव्हे, मालकांना! मुक्त झालेल्या लोकांनी पडेल त्या मजुरीवर मळ्यात राबायला नकार दिला, यात नवल ते काय? मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. 1838 मध्ये पहिल्या दोन बोटी शेजारच्या ब्रिटिश गयानाला गेल्या. त्रिनिदादला 'फातेल रझाक' हे जहाज 30 मे 1845 रोजी लागलं. कलकत्त्याहून निघून आफ्रिकेला वळसा घालत, साडेतीन महिने समुद्रात काढून. त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. 30 मे हा आजही तिथे सुट्टीचा दिवस आहे.

तेव्हापासून 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार माणसं हिंदुस्थानातून एकट्या त्रिनिदादला आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, काही मद्रासकडची. मुंबई इलाख्यातले म्हणाल तर इथे फारसे नाहीत. आपली कोकणातली माणसं गेली ती मॉरिशसला. 'अरकाटी' म्हणजे भरती करणारे दलाल गावोगाव फिरायचे. साखर चाळायचं सोपं काम आहे, असं सांगायचे अशी आठवण घराघरांत आहे. त्रिनिदादचं 'चिनीदाद' झालं ते त्यातूनच म्हणतात. दुष्काळ, कर्ज, घरातलं भांडण, विधवेचा छळ, अशा कशाकशाने घर सुटलेली माणसं त्यांच्या हाती लागायची. करार पाच वर्षांचा. पुरुषाला दिवसाला 25 सेंट, बाईला त्याहून कमी. मळा सोडून पासाशिवाय बाहेर दिसला तर तुरुंग. कामावर आला नाही तरी तुरुंग. म्हणजे नोकरी सोडणं हा फौजदारी गुन्हा! करार संपल्यावर परत जाता यायचं, पण बहुतेक राहिले. कुणाला परतीच्या भाड्याऐवजी जमिनीचा तुकडा मिळाला, तर कुणाला काळं पाणी ओलांडल्यावर गाव आपल्याला घेईल याची खात्री नव्हती.

आता त्या देशात भारतीय वंशाचे लोक सर्वांत जास्त. 2011 च्या जनगणनेत 35 टक्के, त्यांच्या अगदी बरोबरीने आफ्रिकन वंशाचे. घरांसमोर बांबूला लावलेल्या रंगीत पताका दिसायला लागल्या. पूजा झाली की अंगणात 'झंडी' लावतात. लाल, पिवळ्या, पांढऱ्या, एकेका घरापुढे दहा-दहा.

दत्तमंदिर झालं. कारापिचाइमा नावाच्या गावात ते आहे आणि समोर 85 फुटी मारुती. ताईंनी दत्तापुढे बसून अख्खी करुणात्रिपदी म्हटली. तिथला पुजारी दक्षिणी पद्धतीचा, पण हात जोडून शेवटपर्यंत उभा राहिला. नंतर ताई म्हणाल्या, "आता बोट बुडाली तरी चालेल." आम्ही तिघी म्हणालो, आमचं चालणार नाही!

आणि मग वॉटर्लूचं समुद्रातलं देऊळ. तिथे मात्र आम्ही सगळ्याच गप्प झालो.

पांढरं, अष्टकोनी, घुमटाचं छोटंसं देऊळ. किनाऱ्यापासून समुद्रात बांधलेल्या एका बांधावरून चालत जायचं. ओहोटी होती, त्यामुळे दोन्ही बाजूंना चिखल आणि त्यात बगळे. बाजूलाच किनाऱ्यावर चिता रचायची जागा. हे देऊळ बांधलं सेवदास साधू नावाच्या मळ्यातल्या एका मजुराने. लहानपणी आईबापांबरोबर जहाजातून आलेला माणूस. 1947 मध्ये त्याने किनाऱ्यावर एक छोटं देऊळ उभं केलं. जमीन साखर कंपनीची निघाली. पाडायला सांगितलं, याने नकार दिला. खटला झाला, चौदा दिवस तुरुंगात घातलं, दंड केला आणि 1952 मध्ये देऊळ जमीनदोस्त केलं. बाहेर आल्यावर हा म्हणाला, जमीन तुमची असेल, समुद्र तर कुणाचा नाही! मग सायकलवर दगड, सिमेंट वाहून आणायचं, ओहोटीला चिखलात उतरून भर घालायची, भरतीला घरी जायचं. लोक वेडा म्हणायचे. मरेपर्यंत तो हेच करत होता. समुद्राने पुष्कळसं परत नेलं. शेवटी पहिल्या जहाजाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, 1995 च्या सुमारास, सरकारनेच ते नव्याने बांधून पुरं केलं. किनाऱ्यावर सेवदासचा पुतळा आहे.

मी काही फार देवभोळी नाही. पण त्या बांधावर उभी असताना वाटलं की हा देवाचा प्रश्न नव्हताच. ज्या माणसाची पाच वर्षं, हातपाय, येणंजाणं सगळं दुसऱ्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, त्याच्या मुलाला आपल्या नावाची चार हात जागा हवी होती.

जवळच भारतीय लोकांचं एक छोटं संग्रहालय आहे. जुनी भांडी, दागिने, वाद्यं, मळ्यातले फोटो. आम्ही पाहून बाहेर आलो तर चालक झाडाखाली उभा होता. म्हणाला, "आंटी, तुम्ही टीचर ना? तुम्हाला एक दाखवू?" आणि त्याने मोबाइलवर एक फोटो उघडला. त्याच्या खापरपणजोबाचा कलकत्त्याचा परवाना. तिथल्या दप्तरखान्यातून त्याच्या बहिणीने मिळवलेला.

छापील इंग्रजी फॉर्म, मधल्या जागा शाईने भरलेल्या. जहाजाचं नाव. क्रमांक. माणसाचं नाव. बापाचं नाव. वय 22. जात. जिल्हा बस्ती. परगणा. गाव. जवळचा नातेवाईक, भाऊ. उंची. अंगावरची खूण, डाव्या गालावर व्रण. खाली साहेबाची सही, की मी या माणसाला करार समजावून सांगितला आहे आणि तो राजीखुशीने जात आहे.

चालकाला त्या गावाचं नाव नीट वाचता येत नव्हतं. कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं. त्याने मला विचारलं, "तुम्ही इंडियातल्या, तुम्हाला लागतंय का?" मी चष्मा वर-खाली केला, फोटो मोठा केला. तीन-चार प्रकारे वाचून पाहिलं. नाही लागलं. बस्ती जिल्हा कुठे आहे ते मात्र मी त्याला सांगितलं. अयोध्येजवळ, शरयूपलीकडे. त्याला अयोध्या माहीत होती. तो एकदम म्हणाला, "म्हणजे रामाचा शेजारी!" आणि हसला.

परत येताना तो सांगत होता की त्याचा खापरपणजोबा उतरला ते नेल्सन नावाच्या बेटावर. बंदराच्या अलीकडे आहे, जुन्या दगडी इमारती आहेत. आजाऱ्यांना वेगळं काढायचे, बाकीच्यांना तपासून कुठल्या मळ्यावर कोण ते ठरायचं. एका बोटीतून आलेले एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणायचे, ते नातं रक्ताच्या नात्याइतकं पाळायचे. मी सकाळचा फोटो काढून दाखवला. "हेच का?" हेच होतं. माझं ते सुंदर बेट.

साडेतीनच्या आधी आम्ही बोटीवर होतो. संध्याकाळी बाकीच्या तिघी पत्ते खेळायला गेल्या. मी खोलीत बसून राहिले. मला तो फॉर्म डोळ्यांसमोरून हलत नव्हता. नाव, बापाचं नाव, जात, गाव, तारीख, क्रमांक, शेवटी शेरा. मी चौतीस वर्षं असाच एक कागद भरत होते. शाळेचं जनरल रजिस्टर!

माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यातल्या एका गावातल्या हायस्कुलात झाली. जाणत्यांना पुढचं सांगायला नकोच. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं. मुकादमाची उचल घेतलेली असायची, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होऊन कारखान्यावर जायचे. माणसं मोजायची ती कोयत्यांत! बैलगाडीत संसार, पिंप, कोंबड्या आणि पोरं. परत यायची ती थेट चैत्रात. वर्गातली बारा-पंधरा बाकं सहा महिने मोकळी.

1985 साली सातवीच्या वर्गाची मी वर्गशिक्षिका होते. एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. नकाशे सुरेख काढायचा. कोऱ्या कागदावर हातानेच हिंदुस्थान काढायचा आणि गुजरातचा तो कंगोरा अचूक यायचा त्याचा. दसऱ्यानंतर मला येऊन म्हणाला, "बाई, आमी चाललो कारखान्याला. आल्यावर परीक्षेला बसू द्याल ना?" मी म्हटलं, "बघू." जानेवारीत तपासणी होती. पटावरचे आणि वर्गातले आकडे जुळत नव्हते. मला सांगण्यात आलं की सलग गैरहजर मुलांची नावं कमी करा. मी केली. वाद घातला नाही. एप्रिलमध्ये तो आला, परीक्षेला चार दिवस होते. मी म्हटलं, "नाव निघालंय रे. जूनमध्ये ये, परत घालू." तो "बरं" म्हणाला आणि गेला. जूनमध्ये आला नाही.

आणि त्याच वर्षांत मी शेजारच्या दहावीच्या वर्गाला गोपाळ कृष्ण गोखले शिकवत होते. मवाळ पक्षाचे नेते, भारत सेवक समाजाचे संस्थापक, गांधीजींचे राजकीय गुरू. तीन मुद्दे, तीन गुण. लोकमान्य आले की वर्ग ताठ बसायचा, गोखले आले की जांभया. मलाही ते जरा फिकेच वाटायचे, खोटं कशाला सांगू?

पुण्याला परत आल्यावर मी ग्रंथालयातून गोखल्यांच्या भाषणांचा इंग्रजी खंड आणला. डिक्शनरी घेऊन वाचला. मार्च 1912 मध्ये त्यांनी कलकत्त्याला कायदेमंडळात ठराव मांडला की करारबद्ध मजुरांची ही भरती पूर्ण बंद करा. त्याआधी 1910 मध्ये फक्त नाताळपुरता ठराव आणला होता, तो मान्य झाला. पण त्यांचं तेवढ्याने भागलं नाही. मुद्द्यावर मुद्दा, आकड्यावर आकडा. (गणिताचे मास्तर ना!) अडाणी माणसाला माहीत नसलेल्या मुलखात, माहीत नसलेल्या मालकाशी, माहीत नसलेल्या कायद्याने बांधता आणि त्याला राजीखुशीचा करार म्हणता? दिवाणी स्वरूपाच्या चुकीला तुरुंग का? मळ्यांवर इतक्या आत्महत्या का होतात? शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवण्याच्या नियमाने त्या बायकांचं काय होतं? सरकारी सदस्यांचं बहुमत होतं, ठराव पडला. गोखले 1915 मध्ये वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. पुढच्या वर्षी मालवीयांनी तोच प्रश्न पुन्हा मांडला, सरकारने तत्त्वतः मान्य केला, आणि 1917 मध्ये जहाजं थांबली. जे जहाजांतून आलेच नाहीत त्यांच्यासाठी एक फिका वाटणारा माणूस भांडला होता, आणि मी त्याला तीन गुणांत बसवला होता.

पण मला खरं थांबवलं ते ठरावातल्या दोन शब्दांनी. वसाहतींसाठीची भरती बंद करा एवढंच त्यात नाही. देशातल्या कामासाठीची भरतीसुद्धा बंद करा, असं आहे.

गैरसमज नको. त्रिनिदादचा मळा आणि आपला कारखाना एकच, असं मी म्हणत नाही. आपली माणसं दरवर्षी घरी येतात, मत देतात, संघटना करतात, संपही करतात. मळ्यावर आफ्रिकनांनी जे सोसलं त्याची तर कशाशीच तुलना नाही. नंतर साखरशाळा निघाल्या, मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, हेही खरं. पण ऊस आहे, आगाऊ उचल आहे, मध्ये दलाल आहे, आणि 'राजीखुशीने जात आहे' असं लिहून मोकळं होणारा कुणीतरी आहे. तो कुणीतरी दर वेळी साहेबच असतो असं नाही. कधी वर्गशिक्षिकाही असते.

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. जायला जमत नव्हतं तरी गेले. हार-तुरे झाल्यावर मुख्याध्यापकांना म्हटलं, जुनं जनरल रजिस्टर बघू द्या. ते बिचारे गोंधळले, पण दिलं. कपाटातून धूळ झटकून शिपायाने आणलं. नाव सापडलं. बापाचं नाव, जात, जन्मगाव, प्रवेशाची तारीख. प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचं कारण, 'सतत गैरहजर'. अक्षर माझंच. अगदी वळणदार, सुवाच्य.

मी मोबाइलने त्या पानाचा फोटो काढला. मेळाव्यात त्या गावच्या दोघा-तिघांना विचारलं. एक म्हणाला, तो लोक पुढे सांगलीकडेच राहिले. दुसरा म्हणाला, नाही, कर्नाटकात मुकादम झाला. तिसऱ्याला आठवतच नव्हता. एकाने शोधून सांगतो म्हटलंय, फोन नंबर दिलाय मी त्याला. अजून फोन आलेला नाही.

आलाच तर काय बोलायचं, हे ठरवता ठरवता हा लेख दोनदा राहून गेला होता. तोही आता बावन्न-त्रेपन्नचा असेल, त्या टॅक्सीवाल्याच्याच वयाचा. कदाचित त्याच्या नातवाला कुणी विचारेल, तुमचा आजा कुठल्या शाळेत होता? तेव्हा दाखवायला माझ्याकडे ते पान आहे. शेऱ्याच्या खाली पेन्सिलने काही लिहावं असं फार वाटलं होतं, पण सरकारी रजिस्टर, खाडाखोड करता येत नाही. म्हणून इथे लिहिलं. तो गैरहजर नव्हता. कारखान्यावर होता, आणि हे मला माहीत होतं.

असो. डबल्सची कृती बऱ्याचजणींनी विचारली आहे. ती पुढच्या वेळी नक्की!